बावीस किलोमीटरचं कुबड

रविवार, ५ ऑक्टोबर

...आणि म्हणून मी हात वर केला. दुसरं काही कारण नव्हतं. कॅप्टनने विचारलं, "रूट कोण बनवणार?" आणि अठरा माणसं एकदम आपापल्या बुटांच्या लेस तपासायला लागली. मला अशी शांतता सहन होत नाही. कालच तुझ्या पानावर लिहिलं होतं की यापुढे कशातही पुढे पुढे करायचं नाही. एक दिवस टिकलं.

तर ठरलं. आमच्या सायकल क्लबच्या चॅरिटी टूरचा रूट मी बनवणार. चार दिवस, साधारण साडेचारशे किलोमीटर, एकोणीस सायकली, आणि जे जमेल त्यातून आमच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या मुलांना कानाची मशीनं. क्लिनिकची आणि क्लबची गाठ मीच घालून दिली, त्यामुळे माझा उत्साह जरा जास्तच होता.

हात खाली आल्यावर कॅप्टनने नियम सांगितला. कॅप्टन म्हणजे आमच्या क्लबची प्रमुख. शाळेच्या तलावावर पोहायला शिकवते, त्यामुळे समोरचा माणूस पाण्याखाली आहे असं समजूनच बोलते. "रूट बनवणारा दोन आठवडे आधी सगळा रूट स्वतः चालवतो. जोडीदार घेऊन, रस्ता तपासायला. आणि टूरच्या दिवशी तो सायकल चालवत नाही. चेकपॉइंटवर टेबल टाकून बसतो आणि कार्डांवर शिक्के मारतो."

"का पण?"

"कारण ज्याला पुढचं वळण माहीत आहे त्याच्या मागे बाकीचे मेंढरांसारखे जातात. मग वळणं लिहिलेलं कार्ड कोण वाचणार?"

म्हणजे आठ महिने पहाटे उठून मी जी तयारी केली ती शिक्के मारायला. सीरियसली. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते एका सोफ्याच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून तुटलेली स्प्रिंग शोधत होते. म्हणाले, "शिक्का नीट मार. पुसट मारू नकोस."

हे आमच्या घरातलं सांत्वन.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आज सहा वर्षांची एक मुलगी आली होती. कानाच्या मशीनचा जो भाग कानात बसतो तो ज्याच्या त्याच्या मापाचा बनवावा लागतो, आणि ते माप घेणं हे माझं काम. आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा, मग सिरिंजने गुलाबी पेस्ट, मग पाच मिनिटं हसायचं नाही. ती तीन वेळा हसली. तीन वेळा पेस्ट. एकाच माणसाचे दोन कानसुद्धा सख्खे नसतात, चुलत असतात, असं मी तिला सांगितलं तर चौथ्यांदा हसली.

तिची आई म्हणत होती, "नाटकं करते हो ही. बापाने हाक मारली की धावत जाते. मी हाका मारून दमते, ही ढिम्म."

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "नाटक नाही. बारीक आवाज आधी जातात. बायकांचे, मुलांचे, पक्ष्यांचे. बोलण्यातले स, श, फ जातात. पुरुषांचा जाडा आवाज मागे राहतो, आपलं दुर्दैव."

आई आधी हसली आणि मग तिथेच बसून रडायला लागली. वर्षभर मी हिला उद्धट समजत होते, म्हणाली.

मला तिचं वाईट वाटलं, पण खरं सांगू, थोडा रागही आला. रोज समोर असलेल्या माणसाला ऐकू येत नाही एवढी साधी गोष्ट लोकांना कळत कशी नाही?

रविवार, १२ ऑक्टोबर

रूटचा कच्चा आराखडा झाला. पहिला दिवस सपाट, दुसरा दिवस चढाचा, चौथा दिवस घरी परत. तिसऱ्या दिवशी मात्र मी एक छोटं वळण घेतलंय. सरळ हायवेने ट्रक फार. त्याऐवजी नदीच्या कडेने आत शिरायचं, जुना लोखंडी पूल ओलांडायचा, पलीकडच्या गावाच्या चौकात चेकपॉइंट, मग परत हायवेला. बावीस किलोमीटर वाढतात. पण झाडं आहेत. मी मॅपवर फोटो बघितलेत.

त्या गावात आत्या राहते. हे मला माहीत आहे, मी काही नाटक करत नाहीये. पण त्याचा आणि रूटचा संबंध नाही.

आत्याबद्दल मी तुला कधी लिहिलंच नाही, नाही का?

आई मला आठवत नाही, फोटोतली आठवते तेवढीच. मला वाढवलं बाबांच्या धाकट्या बहिणीने. खाली दुकान, वर घर. दुकानात बाबा सोफ्यांचे सांगाडे आणि फोम बघायचे, आत्या कव्हरं शिवायची. एका बाजूला बाबांचा कॉम्प्रेसर आणि खाड खाड स्टेपल मारायची गन, दुसऱ्या बाजूला तिचं ते रणगाड्यासारखं शिलाई मशीन, आणि मधे मी, फोमच्या ढिगावर होमवर्क करत. ती मला भिंगरी म्हणायची. सायकल तिनेच शिकवली. बाकीच्यांचे आईबाप मागून सीट धरून पळायचे. ही पुढे जाऊन रस्त्यात उभी राहायची आणि म्हणायची, "ये माझ्या अंगावर."

मी सतरा वर्षांची असताना तिने लग्न केलं. चव्वेचाळीसाव्या वर्षी, पुलापलीकडच्या गावातल्या एका माणसाशी. तो सोफा दुरुस्त करून घ्यायला आला होता. सोफाही घेऊन गेला आणि तिलाही. मी बाबांना सांगितलं की या घरात तिचं नाव निघालं तर मी जेवणार नाही, आणि दोन दिवस खरंच जेवले नाही. बाबांनाही राग आलाच असणार, कारण त्यानंतर सहा वर्षांत त्यांनी तिचं नाव एकदाही काढलेलं नाही. बाबांसारखा हट्टी माणूस मी पाहिला नाही.

ती गेली त्या दिवशी मी खोलीचं दार लावून, कानात इअरफोन घालून बसले होते. दाराखालच्या फटीतून तिच्या पावलांची सावली दिसत होती. बराच वेळ उभी होती. काहीतरी बोलत होती. मी गाणं मोठं केलं.

आत्ता बाबा गच्चीवर आहेत. दर रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोमवाल्याशी त्यांचं फोनवर भांडण असतं. खाली शब्द कळत नाहीत, पण आवाज असा की फोमवाल्याला फोनची गरजच नाही. खाली येतात तेव्हा मात्र एकदम खूश असतात. भांडून माणसाला इतकं बरं वाटतं हे मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

मीटिंग. कॅप्टनने मॅप भिंतीवर लावला आणि तिसऱ्या दिवसावर बोट ठेवलं.

"हे कुबड कसलं?"

"झाडं आहेत तिकडून."

"हायवेलाही आहेत."

"जुना पूल आहे. लोकांना फोटो काढता येतील."

"लोक फोटो काढायला येतायत का सायकल चालवायला?"

मागून पोस्टमनकाका म्हणाले, "राहू द्या की. बघून येतो आम्ही." हे खरोखरचे पोस्टमन आहेत. बत्तीस वर्षं टपालाची सायकल चालवतायत आणि सुट्टीच्या दिवशी विरंगुळा म्हणून सायकल चालवतात. माझे जोडीदार म्हणून त्यांनी स्वतःच नाव दिलं.

कॅप्टन म्हणाली, "जा. पण रिपोर्ट खरा पाहिजे. रस्ता वाईट असेल तर कापणार. खोटं लिहिलंस तर एकोणीस माणसांची ट्यूब तुझ्या नावाने फुटेल."

जिना उतरताना काका हळूच म्हणाले, "एवढा वाकडा रस्ता माणूस पत्र टाकायलाच घेतो. कोणाचं पत्र आहे?"

"कोणाचं नाही."

"बरं. म्हणजे रजिस्टर आहे. सही घ्यायला लागेल."

मंगळवार, २१ ऑक्टोबर

आज आत्याचा वाढदिवस. गेल्या वर्षीपासून मी तिला या दिवशी फोन करते, क्लिनिकच्या मागच्या जिन्यातून. बाबांना माहीत नाही. कळलं तर त्यांना लागेल.

सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

"हॅलो आत्या, मी बोलतेय. हॅपी बर्थडे."

"हं. हं, बरं."

"कशी आहेस? अगं ऐक ना, आमची सायकल टूर आहे, ती तुझ्या गावावरून..."

"हो हो. सगळं बरं आहे."

"मी आधी रस्ता बघायला येणारे. नऊ तारखेला. रविवारी."

"नाही, नको आहे काही. बरं, ठेवते हं."

अडतीस सेकंद. गेल्या वर्षी एक्केचाळीस होते. भिंगरी तर म्हणाली नाहीच, साधं नावही घेतलं नाही. आणि "नको आहे काही" म्हणजे काय ते न कळायला मी लहान नाही. जिन्यात उभी राहिले थोडा वेळ. मॅडमनी हाक मारली तर म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं. कानाच्या क्लिनिकमध्ये डोळ्याची तक्रार, त्या म्हणाल्या.

रागावली आहे. बरोबरच आहे तिचं. मी तिच्या दारात जाणार नाही. चौकात टेबलाची जागा बघेन आणि पुढे निघेन.

शनिवार, २५ ऑक्टोबर

एकटीने नव्वद किलोमीटर, पाठीवर पूर्ण सामान. टेकडीचा चढ चार वेळा. चौथ्या वेळी एक म्हातारा त्याच्या कुत्र्याला म्हणाला, "बघ, हिचं काहीतरी हरवलंय वर."

पन्नासेक किलोमीटरनंतर डोकं रिकामं होतं. इतरांच्या डोक्यात तेव्हा गाणी वाजतात म्हणे. मी त्या दाराबाहेर आत्या काय बोलली असेल ते शोधत बसते. वेगवेगळी वाक्यं बसवून बघते. "मला माफ कर." नाही, ती असं बोलणार नाही. "तू पण चल." असं असतं तर मी गाणं ऐकत बसले आणि ते गेलं. "परत येईन." हे वाक्य मी चढावर कधी घेत नाही, दम लागतो.

रविवार, २ नोव्हेंबर

बाबांनी माझी सीट सोलली. म्हणजे सायकलची. वरचं कव्हर काढलं, आतला फोम नखाने दाबून बघितला, "हा काय फोम आहे? पाव आहे," म्हणाले आणि स्वतःकडचा घट्ट फोम कापून बसवायला घेतला. मी बाजूला मॅप पसरून कार्डावरचे आकडे तपासत होते. त्यांनी तिसऱ्या दिवसावर गोंद लागलेलं बोट ठेवलं.

"हे काय?"

"झाडं आहेत तिकडून."

"हं," म्हणाले. "आहेत खरी." मग बराच वेळ कापत बसले. "दोघंच जाणार?"

"हो. पोस्टमनकाका आणि मी."

"कितीला पोचाल?"

"कुठे?"

"त्या झाडांपाशी."

"रविवारी, साडेनऊ-दहा."

"काका चहात साखर घेतात का?"

"मला काय माहीत? का?"

"उगाच."

बाबांचं वय व्हायला लागलंय. मधेच काहीही विचारतात. पण गावाचं नाव बघूनही काही बोलले नाहीत, याचं हायसं वाटलं. बहुतेक लक्षातच आलं नसावं.

सीट मात्र राजासारखी झालीये.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पहिला दिवस, ११६ किलोमीटर. प्रत्येक वळणावर थांबायचं, मीटर बघायचा, कार्डाशी ताडायचं. दोन चुका सापडल्या. एका ठिकाणी मी "पेट्रोल पंपानंतर डावीकडे" लिहिलं होतं आणि पंप दोन होते. काका म्हणाले, "पत्त्यात नेहमी झाड लिहावं. पंप वाढतात."

शनिवार, ८ नोव्हेंबर

चढ, समोरून वारा. काकांच्या मागे लपून चालवली. उद्या तिसरा दिवस. सायकलची चेन दोनदा पुसली, गरज नव्हती. टोपीही धुवायला टाकली. धुतलेली टोपी घालून चौकातून जायचं असतं असा काही नियम नाही, माहितीये मला.

रविवार, ९ नोव्हेंबर

संध्याकाळ. मुक्कामाच्या खोलीत बसलेय, पाय भिंतीला लावून. क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं गुंतेल.

हायवे सोडल्यावर एक किलोमीटर बरा रस्ता आणि मग सहा किलोमीटर नुसते दगड. काकांचं मागचं टायर गेलं, मग माझं पुढचं. "झाडं कुठायत?" काकांनी विचारलं. झाडं होती. नदीच्या त्या काठाला.

पूल ओलांडला, चौकात आलो, मी टेबलाच्या जागेचा फोटो काढला आणि म्हटलं, चला. काका सायकलला टेकून उभेच. "सहीशिवाय रजिस्टर तसंच परत नेता येत नाही," म्हणाले आणि समोरच्या दुकानात जाऊन खुशाल विचारलं, "सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या बाई कुठे राहतात?"

निळं दार. आत्या दारातच उभी होती. इस्त्रीचे कपडे, केस नुकते विंचरलेले. टेबलावर चार कप काढून ठेवलेले, साखर वेगळी वाटीत. त्यांच्याकडे पाहुण्यांचा राबता असणार.

मला वाटलं होतं दार लावून घेईल. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मग जी बोलायला लागली ती थांबेचना. किती वाळलीस, गुडघ्याला काय झालं, हे हेल्मेट आहे की टोपलं, या काका, बसा, सीट कोणी बसवली, चांगली आहे. मला मधे फट मिळेना. मला तरी काय बोलायचं होतं म्हणा.

तिचा नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मी त्यांना कधी काही म्हटलेलंच नाही. सहा वर्षं मनात नुसतं "ते." मी अडखळले तर म्हणाले, "मला काय म्हणायचं ते ठरवायला तुला बराच वेळ मिळाला."

"मी 'ते' म्हणते."

"चालेल. 'ए'पेक्षा बरं."

मग मी मोरीत हात धुवायला गेले. आत्या पाठमोरी, कपांत चहा ओतत होती. मी विचारलं, "आत्या, टॉवेल कुठे आहे?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज चिरकला. मला वाटलं, झालं, आता राग बाहेर येणार. तेवढ्यात ते तिच्या समोर गेले, कोपराला हात लावला आणि जाड्या आवाजात सावकाश म्हणाले, "ती टॉवेल विचारतेय."

"अगं मग बोलायचं ना," आत्या वळून म्हणाली.

मी नळ बंद केला.

क्लिनिकमध्ये लागून मला दोन वर्षं झाली. रोज कान बघते. वीस वर्षं कॉम्प्रेसर आणि स्टेपल गनच्या शेजारी बसलेल्या बाईचे कान कसे असणार हे मला कोणीही झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. तिचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकू येण्याचा आलेख, मी न बघता काढून दाखवेन.

मी तिच्या समोर जाऊन बसले, उजेडात, तोंड दिसेल असं. "आत्या, वाढदिवसाला मी फोन केला होता, तेव्हा तुला ऐकू आलं का काही?"

"कोणाचा फोन?"

"माझा. दोन्ही वर्षं."

"ती तू होतीस? मला वाटलं बँकेची मुलगी. दर वाढदिवसाला एक मुलगी फोन करून चिवचिव करते. काहीतरी खपवायचं असेल म्हणून मी आपलं नको म्हणून ठेवून देते."

पोस्टमनकाका चहाचा कप घेऊन बाहेर पंक्चर काढायला गेले. पंक्चर तर त्यांनी वाटेतच काढलं होतं.

मग मी ते विचारलं. त्या दिवशी दाराबाहेर उभी राहून काय बोलत होतीस? दोनदा विचारावं लागलं.

"हां, ते होय? गॅसवर दूध ठेवलं होतं. उतू जाईल, बघ, असं सांगत होते. तू काही उत्तर देईनास. मग मीच जाऊन बंद केला."

"एवढंच?"

"एवढंच. बाकीचं काय दारातून सांगायचं असतं?"

मी हसले आणि मग हसणं भलतीकडेच गेलं. तिने पदर नाही, टॉवेलच पुढे केला, मघाचाच.

थोड्या वेळाने त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "रविवारी या वेळेला हिचा फोन असतो. त्या एकाच माणसाचं हिला फोनवर कळतं. मला मात्र अंगणात जाऊन बसावं लागतं, एवढा आवाज."

आत्याने त्यांच्या ओठांवरून वाचलं. "आज नाही यायचा," म्हणाली आणि कपात बघून हसली.

कोण ते मी विचारलं नाही. गावातलंच कोणी असेल. माझ्या डोक्यात एवढंच आलं की सहा वर्षं कोणाचा तरी आवाज दर रविवारी तिच्यापर्यंत पोचतोय आणि तो माझा नाही.

निघताना म्हटलं, "आमच्या क्लिनिकला ये. मी स्वतः माप घेते. मॅडम टेस्ट करतील, मशीन बसवू."

"येईन की. दोन-चार दिवस राहायलाच येते. तू घरी बोलाव."

"घर बाबांचं आहे गं."

तिने त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. "दादाचं मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "तू बोलाव."

तिला वाटतं तिला माहीत आहे. सहा वर्षांत तिने बाबांचा चेहरा बघितलेला नाही. तिचं नाव न काढता माणूस किती दगड होऊ शकतो, ते ती नाही, मी बघितलंय.

टूरच्या दिवशी चौकात संत्री कापून उभी राहणार आहे म्हणाली, एकोणीस जणांसाठी. पुलावरून मी मागे वळून बघितलं तर रस्त्याच्या अगदी मधोमध उभी होती.

"सही मिळाली?" काकांनी विचारलं.

"अर्धी."

बुधवार, १२ नोव्हेंबर

रिपोर्ट दिला. खरा. सहा किलोमीटर दगड, दोन पंक्चर, झाडं चुकीच्या काठाला. कॅप्टनने लाल पेन घेतलं आणि एका रेघेत कुबड कापलं.

"दिसतच होतं की. मग बनवलंस कशाला?"

"माझी आत्या राहते तिथे."

सगळे पुन्हा बुटांच्या लेसकडे. कॅप्टन पहिल्यांदाच माणूस पाण्याबाहेर आहे अशा आवाजात म्हणाली, "आधी बोलायचं ना. स्टँडवरून बस आहे त्या गावाला. दोन तास लागतात."

दोन तास. मी तिथे पोचायला एकोणीस माणसं, साडेचारशे किलोमीटर आणि एक चॅरिटी गोळा केली.

आता तिसरा दिवस पट्टीने आखल्यासारखा सरळ आहे, आणि ती चौकात संत्री घेऊन उभी राहणार. फोन करून उपयोग नाही. मग पत्र लिहिलं. पत्र लिहायला तीन कागद फाडले. टूर तुझ्या गावावरून येणार नाही एवढं लिहून झालं. "तू ये" एवढं लिहायचं राहिलं, कारण कुठे ये ते लिहिता येईना. काकांनी पत्र पेटीत टाकू दिलं नाही, स्वतःच्या पिशवीत घेतलं. पाकीट हातात तोललं आणि म्हणाले, "हलकं वाटतंय."

रविवार, १६ नोव्हेंबर

गुरुवारी टूर. कार्डं छापून आली, शिक्का आला, बाबांच्या सांगण्यावरून शाईचा पॅड दुसरा घेतला. सायकली माझ्यासमोरून जातील आणि मी टेबलाशी असेन. गंमत म्हणजे त्याचं आता फारसं काही वाटत नाही.

घरात वेगळंच चाललंय. मागची खोली, जी आत्याची होती आणि जिच्यात सहा वर्षं फोमच्या शीट्स रचलेल्या असतात, ती बाबांनी कालपासून रिकामी करायला घेतलीये. सगळा फोम खाली दुकानात. दुकानात चालायला जागा नाही, गिऱ्हाईक दारातूनच बोलून जातं. भिंत पुसली, खिडकीची गंजलेली कडी तेल घालून सोडवली, आणि आज सकाळी एक नवी गादी शिवून आणून टाकली. चांगल्या कापडाची. असं कापड बाबा सहसा दाखवायलाच ठेवतात.

"कोणाची ऑर्डर?" मी विचारलं.

"आहे एकाची. अजून पक्की नाही."

"कधी पक्की होणार?"

"ते माझ्या हातात नाही," म्हणाले आणि गादीच्या कडेवरचा एक दोरा तोडत बसले.

आठवडाभर माझ्या जिभेवर तो एकच शब्द आहे. आज दुपारी जेवताना मी "आ" पर्यंत आले. बाबांनी हातातला घास तसाच धरला आणि माझ्याकडे बघायला लागले. अजिबात हलेनात. मी घाबरले. म्हटलं, "आज भाजीत मीठ कमी आहे."

"हं," म्हणाले, आणि घास खाली ठेवला. चेहरा असा पडला की मला वाटलं मिठाचं लागलं त्यांना. मग मी उगाचच दोनदा भाजी मागून घेतली.

मला भीती त्यांच्या रागाची नाही. राग मी करूनही बघितलाय, झेलूनही बघेन. पण त्यांच्या बहिणीला ऐकू येत नाही हे त्यांना माहीतच नाही. एवढी वर्षं तोंड बंद ठेवलं आणि तिकडे तिचे कान जात होते, हे त्यांना माझ्याकडून कळणार. आणि समजा ते नाही म्हणाले, तर मी तिला काय लिहू? पोस्टमनकाका रोज क्लिनिकवरून जाताना घंटी वाजवतात आणि पत्र नाही म्हटलं की पुढे जातात.

आत्ता ते मागच्या खोलीत आहेत. गादी जरा खिडकीकडे सरकवतात, मग परत भिंतीकडे. चौथ्यांदा चाललंय.

तुला तर सगळं माहीत आहे, मी एकही गोष्ट लपवलेली नाही. बाबांसारख्या माणसाला हे आत्ता सांगावं, की टूर होऊन जाऊ द्यावी आधी? तुला काय वाटतं, ते तिला येऊ देतील?